कपाट कुणाच्या आवडीचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारी २०२४ रोजी सत्यनारायणाच्या पूजेनंतर आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



प्रसाद घेतल्यावर भाषण ऐकायला बसणं हे फार मोठं मन आहे तुमचं. मी वेळ खाणार नाही. मला लीकेजवर बोलायचं नाही, पार्किंगवर तर नाहीच नाही. तळमजल्यावर मीटर रूमच्या शेजारच्या खोलीत जे पुस्तकांचं कपाट आहे, त्याबद्दल बोलायचंय. रौप्यमहोत्सवाच्या निधीतले ३०,००० रुपये कमिटीने या कपाटासाठी ठेवलेत, त्याबद्दल आधी आभार. पण त्यातून काय घ्यायचं यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरतेय, आणि ती बघून मला झोप आली नाही. म्हणून उभी राहिले.

यादी तुम्ही पाहिली असेलच. "आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी मराठी पुस्तकं." दर वर्षी दिवाळीची सुट्टी जवळ आली की ती येते आणि मेच्या सुट्टीत पुन्हा येते. मृत्युंजय, ययाति, स्वामी, श्यामची आई, कोसला, बनगरवाडी, बटाट्याची चाळ. अलीकडे त्यात सेपियन्स आणि इकिगाईसुद्धा शिरलेत. सिनेमांचंही तसंच, सुट्टीत घरच्यांबरोबर बघायलाच हवेत असे दहा. यादी करणारा कोण, कुणालाच माहीत नसतं. तरी आपण अंगठा दाखवतो आणि पुढे पाठवतो. वाचतो किती, ते आपलं आपल्याला ठाऊक.

मी आधी माझं कबूल करते. मराठी घेऊन एम.ए. केलं तेव्हा कोसला दोनदा अर्धवट सोडली होती आणि तोंडी परीक्षेत पूर्ण वाचल्यासारखी बोलले होते. पुढे चाळिशीत ती वाचली आणि आवडलीही, पण तेव्हा नाही. आणि त्याच दिवसांत रात्री सगळे झोपले की नारायण धारपांची भयकथा वाचायचे, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. भीती भुताची नव्हती, मैत्रिणींची होती.

आता कपाटाची गोष्ट. १९९९ मध्ये सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा आपण इथे आलो. कोणी लालबागहून, कोणी गिरगावातून, कोणी परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून. मुलुंड पूर्वेला तेव्हा इतकी गर्दी नव्हती. पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय होतं, पण पूल ओलांडून जायचं, तेही स्वयंपाक आवरून, हे बायकांना कठीणच. म्हणून २००२ च्या दिवाळीला मी आपल्या आवारात दिवाळी अंकांची योजना सुरू केली. १५ घरं, प्रत्येकी १०० रुपये वर्गणी, २२ अंक. दर रविवारी अंक बदलायचा, संक्रांतीपर्यंत. हिशोबाची शंभरपानी वही मी केली, आणि अंकांची निवडही मीच केली. एम.ए. झालेली दुसरी कोण होतं?

दिवाळी अंक हीच मुळात सुट्टीत काय वाचायचं याची आपली जुनी सोय. 'मनोरंजन'च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक निघत त्यावरून. साहेबाच्या सणाची कल्पना घेतली आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानंतर हंस, दीपावली, मौज, आवाज, जत्रा, मुलांचा किशोर, रहस्यकथांचा धनंजय, राशिभविष्याचे, पाककृतींचे... प्रत्येकाला आपापलं काहीतरी. हे सगळं मला पाठ होतं. तरी माझ्या २२ अंकांत रहस्यकथा नव्हती, भविष्य नव्हतं आणि 'आवाज'सुद्धा नव्हता, त्याच्या त्या खिडक्यांच्या चित्रांमुळे. घरात मुलं आहेत म्हणे! वर्गणी सगळ्यांची आणि चाळणी माझी.

दुसऱ्या वर्षी एक गंमत झाली. मागवलेला एक अंक संपला होता, म्हणून स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याने गठ्ठ्यात त्याऐवजी 'धनंजय' घातला. परत करायचा कंटाळा केला मी. संक्रांतीला वही मिटताना सहज मोजलं. तो एक अंक १५ पैकी १३ घरांत जाऊन आला होता. पाठीमागचं पान सुटलं होतं, आमटीचा डाग पडला होता. आणि ज्या अंकाच्या लेखांवर मी जीव टाकायचे, तो ४ घरांत गेला होता, त्यातलं एक घर माझं. तुम्हाला वाटेल, पुढच्या वर्षी मी शहाणी झाले असेन. नाही. पेपरवाल्याला ताकीद दिली की बदली अंक द्यायचा नाही.

आपल्या आवडीने दुसऱ्याची पानं गाळायची ही खोड माझ्या एकटीची नाही, हे नंतर कळलं. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कादंबरी आली होती. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अश्लील नाही म्हणून काकोडकरांची सुटका केली. दिवाळीत चिवड्याबरोबर वाचायची एक कादंबरी, ती दिल्लीच्या कोर्टात सात वर्षांनी निर्दोष ठरली! काकोडकर लोक मोप वाचायचे, आणि "मी काकोडकर वाचतो" असं मोठ्याने म्हणणारा मला तरी आजवर भेटला नाही. कुठल्याच यादीत ते नसतात. सुहास शिरवळकरांचं घ्या. 'दुनियादारी' १९८२ ची. कॉलेजातली मुलं ती हातोहात फिरवत होती, पण आमच्या वर्गात तिचं नाव निघालं नाही. २०१३ मध्ये सिनेमा आला, गाजला, आणि ती एकदम "वाचायलाच हवी" अशा यादीत जाऊन बसली. पुस्तक तेच होतं हो.

आता जे सांगणार आहे ते आमच्या घरचं आहे. माझे सासरे, ज्यांना अख्खी ए-विंग अण्णा म्हणायची, ते तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असतील. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसायचे, येणाऱ्या प्रत्येकाला "काय, आलात?" विचारायचे. ते गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला आणि नोकरी गेली, ती गेलीच. शिक्षण सातवीपर्यंत. पण वाचायचे. लालबागच्या चाळीत भाड्याने पुस्तकं देणाऱ्या छोट्या लायब्रऱ्या असत, तिथून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचे. झुंझार, काळापहाड. अर्नाळकरांनी अशा हजाराच्या वर पुस्तिका लिहिल्या, आणि अण्णांचा दावा होता की त्यातल्या निम्म्या तरी त्यांनी वाचल्यात. पाळी सुटली की चाळीच्या जिन्यात, दिव्याखाली. मुलुंडला आल्यावर ते स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे जाऊन बसायचे आणि असलं काही मिळालं तर सदऱ्याच्या आत घालून आणायचे. हो, सदऱ्याच्या आत. कारण घरात सून एम.ए. होती. मी त्यांना कधी एका शब्दाने बोलले नव्हते. नुसतं बघायचे.

२०११ साली काचबिंदूने त्यांची नजर गेली. टीव्ही ऐकायचे, पण कंटाळायचे. मार्चमध्ये मी ठरवलं, दुपारी तासभर त्यांना वाचून दाखवायचं. काय वाचायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. मृत्युंजय काढलं. आमच्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत, आणि एकही आम्ही विकत घेतलेली नाही. एक लग्नात आली, एक मिस्टरांना ऑफिसातून निरोप देताना मिळाली, एक आपल्याच हळदीकुंकवाच्या स्पर्धेत. माझं फार आवडतं पुस्तक आहे ते. दोन महिने वाचलं. अण्णा ऐकायचे. "छान आहे," म्हणायचे. थोड्या वेळाने मान पडायची. मला वाटायचं वय झालं, औषधांची झोप असेल. एकदा म्हणाले, "सूनबाई, आज कर्णाला जरा विश्रांती देऊ या का?" मी हसले आणि पुढचं पान उलटलं.

मे महिन्यात माझी मुलगी सुट्टीत घरी. आजोबांनी तिच्या हातात वीस रुपये ठेवून तिला कुठे पाठवलं ते मला नंतर कळलं. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. गॅलरीतून हिचा वाचण्याचा आवाज येत होता, अडखळत, कारण ती इंग्रजी माध्यमातली. आणि मध्येच अण्णांचा आवाज आला, खणखणीत. "थांब, थांब! तो दारातून यायचा नाही. खिडकीतून येणार बघ." आणि मग दोघं हसली. दोन महिन्यांत मी हा आवाज ऐकला नव्हता. झोप नव्हती ती. मी त्यांना माझं पुस्तक वाचून दाखवत होते, आणि ते माझा मान ठेवत होते.

मग मे आणि जूनमध्ये मिळतील तेवढ्या आणल्या आम्ही. मीही वाचल्या. पहिले दोन दिवस जीभ जड झाली, तिसऱ्या दिवशी पुढे काय होणार म्हणून मीच दुपारची वाट बघायला लागले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात अण्णा गेले. एक पुस्तिका चौदा पानं राहिली होती. ती मी नंतर वाचली. माणूस खिडकीतूनच आला होता.

त्या दिवाळीपासून अंकांची निवड मी घराघरांत विचारून करायला लागले. 'आवाज' आला, भविष्याचा आला. वर्गणीदार १५ चे २६ झाले. कोविडच्या वर्षी कुणी कुणाचा कागद हातात घेईना तेव्हा योजना बंद पडली, ती आता ९ घरांवर आहे. त्याला मोबाइलही कारण आहे, ते मी नाकारत नाही.

सिनेमाचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या नाताळच्या सुट्टीत आपण गच्चीवर पडदा लावला होता. नटसम्राट की सैराट यावर ग्रुपवर दोन दिवस युद्ध झालं. शेवटी "सगळ्यांनी एकत्र बघण्यासारखा" म्हणून नटसम्राट ठरला. चांगलाच सिनेमा. पण मध्यंतराच्या आधीच बी-विंगमधलं एक वयस्क जोडपं हळूच उठून खाली गेलं. मी थर्मासमधला चहा घेऊन त्यांच्याकडे गेले तर काका म्हणाले, "अहो, सुट्टीच्या दिवशी तरी आम्हाला 'अशी ही बनवाबनवी' दाखवा. हे आम्हाला पाठ आहे." त्यांची दोन्ही मुलं परदेशात. मी काय बोलणार? चहा दिला.

मी याद्यांच्या विरुद्ध नाही, गैरसमज नको. बनगरवाडी मला एका यादीनेच दिली, आणि त्या यादीचे उपकार मी विसरणार नाही. पोरांना काहीतरी सुचवायला हवंच, नाहीतर त्यांना कळणार कुठून की हे आहे? पण ३०,००० रुपयांत ती यादी जशीच्या तशी मागवली, तर कपाट फार सुंदर दिसेल. पाहुण्यांना दाखवता येईल. आणि किल्ली माझ्याकडे गंजत पडेल. अर्धी पुस्तकं तर आपल्या घराघरांत आधीच आहेत, बक्षीस मिळालेली, प्लॅस्टिकच्या कव्हरातली.

म्हणून कमिटीला विनंती केली आणि त्यांनी ती मानली आहे. आपले फ्लॅट ४८. प्रत्येक फ्लॅटने एका चिठ्ठीवर एक पुस्तक लिहायचं. चांगलं कुठलं ते नको, येत्या सुट्टीत तुम्हाला खरोखर काय वाचायचंय ते. नाव आठवत नसेल तर कशाबद्दल हवं ते लिहा. स्वतःचं नाव घालायची सक्ती नाही, आणि हस्ताक्षर ओळखायचा प्रयत्न मी करणार नाही, जरी बहुतेकांचं मला त्या वहीमुळे ओळखता येतं. ४८ पुस्तकं झाल्यावर जे पैसे उरतील, त्यात यादीतली घेऊ. तिथे माझं काही म्हणणं नाही.

पेटी लिफ्टशेजारी ठेवली आहे. ए-विंगमध्ये गेल्या आठवड्यात आधी करून बघितलं, ११ चिठ्ठ्या आल्या. एकाला मोटारसायकल दुरुस्तीचं पुस्तक हवंय. एकीने लिहिलंय, "शेवट गोड असलेलं काहीही." तिसरीतल्या एका मुलाने भुतांचं मागितलंय आणि खाली कंसात "खरी" असं लिहिलंय. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनभय्यांनी विचारलं, हिंदीत चालेल का? चालेल. त्यांचा फ्लॅट नाही, पण रात्रभर जागं राहून वाचणारा आपल्यात तोच एक आहे, तेव्हा चिठ्ठ्या ४९ धरा. धारप दोघांनी मागितलेत, त्यातली एक चिठ्ठी माझी नाही, शप्पथ.

आणि एका चिठ्ठीवर मृत्युंजय आलंय. ज्यांनी लिहिलं असेल त्यांनी कपाटाची वाट बघू नये. आज रात्री जेवण झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर यावं आणि आमच्याकडून एक प्रत घेऊन जावी. परत नाही केली तरी चालेल.