रुग्णालयाची वास्तूही शुश्रूषा करते

(सेवाभावी रुग्णालयांच्या विश्वस्तांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका आणि औषधे डोळ्यांसमोर येतात. इमारत येत नाही. परंतु रुग्णाला अहोरात्र सांभाळते अथवा बाधते, ती इमारतही असते.

क्रिमियन युद्धातील शुश्रूषेच्या अनुभवानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि खाटांमध्ये पुरेसे अंतर, हा त्यांचा आग्रह होता. जंतुशास्त्र तेव्हा प्रस्थापित व्हायचे होते.

पेरूमधील लिमा शहरातील आठ रुग्णालयांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या उंच कक्षांत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, नव्या कक्षांत १७ वेळा. यांत्रिक वायुवीजनाचे प्रमाण १२ धरले होते. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात चोवीस तास राहिल्यास किती जणांना संसर्ग होईल, याचे संशोधकांनी गणित मांडले. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या कक्षांत ३३ टक्के आणि जुन्या कक्षांत अवघे ११ टक्के!

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. नूतनीकरणाच्या नावाखाली आपण उंच छताखाली दुसरे छत टांगतो, खिडक्या काचेने कायमच्या बंद करतो आणि भिंतीवर वातानुकूलन यंत्र बसवतो. हे यंत्र बहुधा खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा फिरवते. ताजी हवा आणत नाही. त्याची किंमत मोजते ती परिचारिका आणि खाटेशेजारी रात्र काढणारा नातेवाईक.

अर्थात, उघडी खिडकी हे सर्वत्र उत्तर नव्हे. शस्त्रक्रियागृहाला गाळलेली हवा आणि बाहेरच्यापेक्षा अधिक दाब हवा. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण कक्षात दाब कमी हवा. शिवाय वारा पडला की खिडकीचा उपयोगही कमी होतो. जागेनुसार योजना करणे, हेच वास्तुविशारदाचे कौशल्य.

तेव्हा नकाशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारा. प्रत्येक कक्षातील हवा येते कोठून आणि जाते कोठे? खोकणारा रुग्ण आपली पाळी येईपर्यंत कोठे बसतो? खाटेपासून हात धुण्याची जागा किती पावलांवर आहे? देणगीदारांच्या संगमरवरी पाटीची जागा आपण काळजीपूर्वक ठरवतो. तेवढीच काळजी खिडकीच्या जागेचीही घेऊ या.