मोटार-दुरुस्ती आणि हातांची निगा

खंडेनवमीच्या दिवशीं आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. दुसऱ्या दिवशीं, दसऱ्याला, मोटारींना व स्कूटरींना झेंडूच्या माळा चढतात; पाने, पकड, हातोडी यांनाही हळदकुंकू लागतें. ज्या हातांनीं हीं हत्यारें चालतात, त्या हातांकडे मात्र वर्षभर कोणाचेंच लक्ष नसतें. गॅरेजांतला कारागीर संध्याकाळीं फडक्यावर थोडें पेट्रोल ओततो, काळवंडलेले हात त्यानें खसाखसा पुसतो आणि घरची वाट धरतो. रविवारीं आपल्या मोटारसायकलची साखळी साफ करणारे गृहस्थही पुष्कळदां हेंच करतात. हात तत्काळ स्वच्छ दिसतात. पण ही स्वच्छता फार महाग पडते.

ती कशी, हें समजण्यास कातडीची रचना थोडी पाहिली पाहिजे. कातडीचा अगदीं बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. तळहातावर तो जाड असतो, पण हाताच्या पाठीवर कागदाहूनही पातळ. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असून त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा चुना भरलेला असतो. शरीरांतील ओलावा आंत राखणें आणि बाहेरचें विष बाहेर ठेवणें, हीं दोन्ही कामें ही भिंत करते. पेट्रोल, रॉकेल, थिनर हे पदार्थ वंगण विरघळवितात, त्याचप्रमाणें हा चुनाही विरघळवितात. मग कातडी कोरडी पडते, तिला भेगा जातात आणि त्या भेगांतून तेल व मळ आंत शिरतो. नित्य असें घडत राहिलें म्हणजे हातांना इसब होतें. कांहीं जणांच्या बाबतींत एखाद्या पदार्थाशीं कातडीचें कायमचेंच वांकडें येतें. तो पदार्थ किंचित् लागला तरी हात फुलून येतात, आणि वर्षानुवर्षें शिकलेला धंदा सोडण्याची पाळी येते.

तेलाचा अपाय याहूनही खोल जाऊं शकतो. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत सूतगिरण्यांच्या चात्यांवरील खनिज तेल कामगारांच्या कपड्यांवर उडत असे. १९२२ मध्यें मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, गुह्यभागाच्या कातडीचा कर्करोग झालेल्या रोग्यांत या कामगारांचा भरणा विलक्षण मोठा आहे. पुढें चांगल्या शुद्धीकरणामुळें नवें वंगण पुष्कळ निर्धोक झालें. परंतु इंजिनांत तापून काळें झालेल्या तेलांत तशींच घातक द्रव्यें नव्यानें जमतात. म्हणून तेलकट फडकें विजारीच्या खिशांत कोंबण्याची संवय आधीं सोडावी. पेट्रोलांतील शिसें भारतांत २००० सालीं गेलें खरें, पण रक्ताच्या कर्करोगास कारण होणारें बेन्झीन त्यांत थोड्या प्रमाणांत असतेंच.

संरक्षणाचें पहिलें साधन हातमोजे. रबरी हातमोज्यांचा शस्त्रक्रियागृहांतील प्रवेश रोग्यासाठीं झाला नाहीं, तर हातांसाठीं झाला, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखालीं कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाची परिचारिका होती. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षारानें तिचे हात फार खराब झाले. तेव्हां १८८९-९० च्या हिवाळ्यांत हॉल्स्टेड यांनीं एका रबर कंपनीकडून तिच्यासाठीं पातळ हातमोजे करवून घेतले. मात्र साधें रबर तेलांत व पेट्रोलांत फुगतें आणि निकामी होतें. गाडीच्या कामास नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत. तेही ॲसिटोनसारख्या द्रवापुढें फार वेळ टिकत नाहींत. फाटलेला मोजा तर नसल्याहून वाईट, कारण तो तेल कातडीशीं कोंडून धरतो.

हातमोजा सर्वत्र चालत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. फिरता पट्टा, पंखा किंवा ड्रिल मोज्याचें टोंक पकडून बोट आंत ओढूं शकतें. तेथें इंजिन बंद करणें हेंच संरक्षण. अंगठी व धातूच्या पट्ट्याचें घड्याळ कामापूर्वीं उतरवावें. बॅटरीच्या दोन टोकांमध्यें अंगठी सांपडली कीं ती क्षणांत तापते आणि बोट भाजून काढते. बॅटरीचें ॲसिड लागल्यास निदान वीस मिनिटें वाहत्या पाण्याखालीं हात धरावा.

आतां धुण्याची रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतील ॲक्रन येथल्या रबर-कारखान्यांत कामगार काजळी लागलेले हात बेन्झीनसारख्या द्रवांत धूत असत. तें पाहून गोल्डी व जेरी लिपमन या दांपत्यानें १९४६ मध्यें, केंट येथील एका रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें, पाण्याशिवाय हात साफ करणारें एक मलम बाजारांत आणलें. अशीं मलमें आज सर्वत्र मिळतात. पण घरांतही साधन आहे. तेलाचा मळ तेलांतच सुटतो. आधीं कोरड्या फडक्यानें हात पुसावेत, मग चमचाभर गोडें तेल घेऊन बोटांच्या बेचक्यांत व नखांच्या कडांशीं चोळावें. मळ सुटला कीं तो पुसून काढावा आणि नंतर सौम्य साबण व कोमट पाणी वापरावें. नखांसाठीं मऊ ब्रश पुरे. वीटकरीची भुकटी, वाळू, कपड्यांची तीव्र पूड हीं टाळावीं. पहिलीं दोन कातडी ओरबाडतात, आणि कातडी किंचित् आम्ल असल्यामुळें क्षारयुक्त पूड तिला मानवत नाहीं. शेवटीं हात कोरडे करून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावें. कामाला बसण्यापूर्वीं ओल्या साबणाच्या वडीवर नखें घासून ठेवलीं, तर त्यांत मळ शिरण्यास जागाच उरत नाहीं.

एक धोका असा आहे कीं, त्यास धुणें हा उपायच नाहीं. डिझेलच्या पिचकारींतून किंवा ग्रीज-गनमधून प्रचंड दाबानें निघालेली धार बोटावर बसली, तर सुई टोंचल्याएवढाच ठिपका दिसतो व वेदनाही थोडी होते. म्हणून माणूस कामाला लागतो. पण तेल आंत बोटभर पसरलेलें असतें; कांहीं तासांत हात सुजतो, आणि उशीर झाल्यास बोट कापावें लागतें. अशा वेळीं जखम कितीही लहान दिसली तरी, त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे जावें व धार कशाची होती तें स्पष्ट सांगावें.

गाडी गॅरेजांत नेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांचाही यांत वांटा आहे. बिल चुकवितांना, तेथील पोरगा हात कशानें धुतो हें एकवार पहावें. साबणाची वडी, तेलाची लहान बाटली आणि नळाचें पाणी, एवढ्याची सोय मालकाला जड नाहीं. गिऱ्हाइकानें विचारलें, तर ती लौकर होते.