साधन मालक होऊ नये



आज मी तुमच्यापुढे एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत आहे, आणि हे भाषण संपण्यापूर्वी काहींचा हात नकळत तिच्याकडे जाईल. ती वस्तू म्हणजे मोबाईल फोन.

फोन टाकून द्या, असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखल्याची चौकशी, मजुरीचे पैसे, ही कामे आज त्याच्यावरच होतात. 2020 साली महामारीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी हे यंत्र नव्हते तेथील मुलांचा अभ्यास अडला. म्हणून पुष्कळ आईबापांनी उसनवारी करून ते घरात आणले. त्यांनी चूक केली नाही. परंतु मुलाला शाळा मिळावी म्हणून जे आणले, तेच आता मुलाला पुस्तकावरून उठवीत आहे.

याचा सारा दोष मुलाच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चकतीवर चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, म्हणजे पक्षी अधिकच चिवटपणे चोच मारीत राहतो, असे त्यांना आढळले. नवा निरोप आला असेल की नसेल, याचाही आपणांस नेम नसतो. म्हणूनच आपण फोन पुनःपुन्हा उघडून पाहतो. 2006 साली एझा रॅस्किन या रचनाकाराने अशी युक्ती काढली की, बोट सरकवीत जावे आणि पडद्यावरचा मजकूर कधी संपूच नये. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला व तो त्याने उघडपणे बोलून दाखविला. पुस्तकात प्रकरण संपते, तेथे वाचक थांबतो. येथे थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. कारण आपण जितका अधिक वेळ पाहू, तितक्या अधिक जाहिराती विकल्या जातात. ज्याला आपण फुकट समजतो, त्याचे मोल आपण आपल्या वेळाने चुकवीत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या 11 व्या आवृत्तीत पडद्यावरील खेळांच्या अनावर नादाची विकार म्हणून नोंद झाली. त्या आवृत्तीला 2019 साली मान्यता मिळाली आणि 2022 पासून ती अमलात आली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने अशा तक्रारींसाठी 2014 साली स्वतंत्र चिकित्सालय काढले. तथापि, फोन पाहणारा प्रत्येक मुलगा रोगी आहे, असे समजू नये. झोप, अभ्यास, काम आणि घरची माणसे यांची हानी होत आहे हे कळूनही हात आवरत नसेल, तर मात्र संकोच न करता डॉक्टरांकडे जावे.

आपण पंचशील ग्रहण केले आहे. पाचव्या शीलात मादक पदार्थ वर्ज्य आहेत, ते त्यांतून प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, उत्पन्न होतो म्हणून. बेसावधपणा केवळ बाटलीतूनच येतो, असे नाही.

मग उपाय काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये एक मार्ग दाखविला. सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व फोन बंद राहत. मुले अभ्यासाला बसत. या उपायाचे मर्म असे की, नियम एकट्या मुलाला नव्हता, साऱ्या गावाला होता. बाप फोनवर हसत बसला असता मुलाने भूगोल वाचावा, ही अपेक्षा न्यायाची नाही.

मीही यातून सुटलेलो नव्हतो. पहाटे डोळे उघडताच माझा हात उशाकडे जाई. शेवटी एक साधे गजराचे घड्याळ विकत आणले आणि रात्री फोन स्वयंपाकघरातील फळीवर ठेवू लागलो. पहिले काही दिवस चुटपुट लागली. पुढे झोपही बरी लागू लागली आणि सकाळचे वाचनही होऊ लागले. तुम्हांसही हे जमण्यासारखे आहे. अनावश्यक सूचनांचे आवाज बंद करा. दिवसाकाठी किती वेळ गेला, हे फोन स्वतःच दाखवितो. आठवड्यातून एकदा ते आकडे सर्वांनी मिळून पाहा. आणि मुलाच्या हातून फोन घ्याल, तेव्हा त्या हाती दुसरे काही द्या: एखादे पुस्तक, चेंडू, किंवा तुमचा स्वतःचा अर्धा तास. रिकामा हात पुन्हा तिकडेच वळतो.

ज्यांच्या पणजोबांना अक्षराजवळ जाऊ दिले गेले नाही, त्यांच्यापुढे आज पुस्तक उघडे आहे. ते आज कोणी हिसकावून घेत नाही. ते आपल्याच हातून मिटत आहे. तसे होऊ देऊ नका. आज रात्री जेवताना घरातील सर्व फोन एका फळीवर ठेवा, आणि पहिला फोन घरातील वडीलधाऱ्याने ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.