जायफळाची कॉफी



दहावीच्या अभ्यासाला आपण मुरबाडच्या आमच्या घरी जमायचो, आठवतं? शेवटची एसटी चुकली की शहापूरकडच्या मैत्रिणी मुक्कामालाच. झोप येऊ नये म्हणून आई कॉफी करायची, तीही जायफळ घालून! जायफळाने उलट झोपच येते असं मानतात, हे फार उशिरा कळलं. सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्यात तळाशी उरेल ती आईची, तीही गार.

मागच्या वर्षी आईला मुंबई-गोवा क्रूझवर नेलं. जहाजावर आगीची भीती मोठी, म्हणून सामानात विजेची किटली चालत नाही. मी बंगळुरूच्या पहिल्या नोकरीत घेतलेला स्टीलचा फिल्टर, कॉफी पावडर आणि जायफळ नेलं. जेवणाच्या हॉलमधून थर्मासमध्ये उकळतं पाणी आणून फिल्टरमध्ये ओतलं. वीस मिनिटांत डिकॉक्शन उतरलं, त्यात तिथलंच गरम दूध घातलं. पहिला कप आईला दिला.

"तुला?"

"तू आधी पी."

ती जरा अवघडली. मग घोट घेऊन म्हणाली, "गरम असताना अशी लागते होय!"

मित्रांनो, आई अजून मुरबाडलाच आहे. घरी या. कॉफी मात्र या वेळी आपण करायची.