डोक्यावरचं ओझं आणि बाजूचा धक्का

आदरणीय सर, बाई आणि एकमेकांच्या डब्यातलं खाऊन मोठे झालेल्या सगळ्यांनो,

संयोजकांनी सांगितलंय, 'तू नेमकं काय करतेस ते दहा मिनिटांत सांग.' माझ्या आईला ते वीस वर्षांत कळलेलं नाही, पण प्रयत्न करते.

इमारती किती भार पेलतील याचं गणित करणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. खांब, तुळया, स्लॅब यांचे संगणकात छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची समीकरणं मांडायची आणि अशी हजारो समीकरणं एकदम सोडवायची. याला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. भार मुख्यतः दोन जातींचे. खाली ओढणारा, म्हणजे घराचं वजन, माणसं, सामान. आणि आडवा, म्हणजे वारा आणि भूकंप.

आडवा भार काय असतो हे आपल्या बॅचला शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आपण आठवीत होतो, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारीकडची माळवदाची घरं रोजचं वजन वर्षानुवर्षं पेलत होती. पण भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात येतो. छप्पर जितकं जड, तितका धक्का मोठा, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींना तो सोसत नाही. तेव्हाच्या आयएस १८९३ च्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली तो झोनच रद्द झाला.

म्हणून दोन्ही भार एकत्र तपासतात. त्यातलं एक समीकरण मला फार आवडतं: वजन ०.९ पट, भूकंप १.५ पट. वजन मुद्दाम कमी का धरायचं? कारण वजन इमारतीला खाली दाबूनही ठेवतं. ते कमी असेल तर एका बाजूचा पाया उचलला जाऊ शकतो.

आता माझी चूक सांगते. १५ ऑगस्टचा मनोरा आठवतो? मी सगळ्यात खाली. वर मुली सरळ उभ्या होत्या तोवर काही वाटलं नाही. वरची जरा कलली आणि माझे गुडघे गेले. वजन तेवढंच होतं, फक्त जागेवरून सरकलं होतं. इमारतीतही तेच होतं. १०० टनांचा भार आडव्या धक्क्याने ३ सेंटिमीटर सरकला, की खांबाच्या बुडाशी ३ टन-मीटरचं जादा वळण येतं. त्याने खांब आणखी झुकतो, मग वळण आणखी वाढतं. याला पी-डेल्टा म्हणतात.

आमच्या प्रोग्राममध्ये मी वजनाचं उत्तर वेगळं, भूकंपाचं वेगळं काढून शेवटी बेरीज केली होती. भूकंपाच्या गणितात वजनच नव्हतं, त्यामुळे सरकायला काही उरलंच नाही. चित्रं मात्र झकास रंगीत येत होती.

एका ग्राहकाकडच्या वयस्कर इंजिनिअरांचा फोन आला. 'मॅडम, हातानं केलं तर इथं वळण जास्त येतंय. तुमच्याकडे ते दिसत नाही.' मी दोन दिवस वाद घातला. खोटं कशाला बोलू, जरा तोऱ्यातच घातला. तिसऱ्या दिवशी रात्री कोड उघडला आणि पोटात गोळा आला. आधी वजन ठेवायचं आणि त्या दबलेल्या अवस्थेतून धक्का द्यायचा, हा क्रमच मी मोडला होता.

त्या इमारतीचं काम नशिबानं पायाच्या वर गेलं नव्हतं. खालच्या मजल्यांचे खांब वाढवावे लागले. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बाकी सगळ्यांना मी स्वतः फोन केले. दोघांनी चांगलंच सुनावलं. ऐकून घेतलं.

आता प्रत्येक नव्या आवृत्तीआधी पहिली चाचणी एकाच खांबाची चालते. वर १०० टन, बाजूने धक्का, उत्तर त्या इंजिनिअरांनी हाताने काढलेलं. तिचं नाव मी 'मनोरा' ठेवलंय. पीटीच्या सरांना हे आज पहिल्यांदाच सांगतेय.