जुलाबाची गोळी कोणी घेऊ नये
पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पण सगळेच जुलाब काही जंतूंचे नसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, आठवडेच्या आठवडे रक्त आणि आव पडते. तिथे पेनिसिलिन काय करणार? त्याच १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ही सूज कॉर्टिझोनने उतरते.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, त्यावर ताप किंवा जलद नाडी, असा रोगी चाकणचा असो की भोसरीचा, त्याला तडक इस्पितळात न्यावं. तिथे शौच तपासतात, स्टेरॉइड शिरेतून देतात. गुरुजी, शाळेच्या औषधपेटीत जुलाब थांबवणारी गोळी असली तरी अशा रोग्याला ती देऊ नका. जुलाब थांबल्यासारखे दिसतील, पण आतडं फुगून फाटू शकतं. आणि घरी आल्यावर बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम सोडू नये. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवावं.