पाण्याने थंड होणारा संगणक

डेस्कटॉपचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवायला त्यावर बसणारा तांब्याचा ठोकळा, छोटा पंप, नळ्या आणि पंखा लावलेला रेडिएटर लागतो. हौशी मंडळी रेडिएटरऐवजी जुन्या मोटारीच्या हीटरची जाळी वापरतात. स्वस्त पडते, पण ती तांब्या-पितळेचीच शोधा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार साचतात. पंप आणि नळ्यांच्या क्लिपांवर मात्र काटकसर नको. जोडणीनंतर संगणक बंद ठेवून, पंपाला वेगळी वीज देऊन तो 24 तास चालवा, सांध्यांखाली कोरडा कागद पसरून. आणि खोलीत 38 अंश असतील, तर प्रोसेसर त्याखाली उतरेल अशी आशा धरू नका.